खाली थेंब नाही म्हणजे गळती नाही, असं नव्हे

प्रति,
मा. संपादक,

विषय : जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलगळतीबद्दल आपल्या पुरवणीतला सल्ला

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर आलेला लेख वाचला. जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० पुन्हा रस्त्यावर दिसायला लागल्याचा आनंद त्यात होता आणि तो माझाही आहे. पण लेखाखालच्या चौकटीत ज्या सूचना दिल्या होत्या, त्या वाचून राहवलं नाही. टू-स्ट्रोक म्हटली की तेल गळणारच, गळेल तिथे बाहेरून सिलिकॉन (फटी बुजवायचा चिकट लेप) लावा, आणि तरी थांबलं नाही तर गिअरबॉक्समध्ये जाड तेल भरा, असं त्या चौकटीत होतं. गणपती तोंडावर आलेत. मुंबईहून चाकरमानी येतील, पडवीत ताडपत्रीखाली ठेवलेल्या वडिलांच्या, काकांच्या गाड्या बाहेर काढतील, आणि ती चौकट वाचून कामाला लागतील. तसं होण्याआधी हे पत्र छापून यावं अशी विनंती आहे.

माझं गॅरेज मालवण तालुक्यात आहे. मी शिकलो ते होड्यांच्या मशीनवर. होडीच्या मागे लावतात ती ओबीएम (आउटबोर्ड मोटर) बहुतेक टू-स्ट्रोकच असायची, आणि खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या मशीनला गळती ही चेष्टा नसते. तेल बाहेर जायची वाट असेल तर त्याच वाटेने पाणी आत येतं. पुढे मोटारसायकली हाताखाली आल्या तेव्हा तीच शिस्त मी इथेही ठेवली.

पहिली गोष्ट ही, की 'तेल गळतं' हे दुखणं नाही, ते लक्षण आहे. टू-स्ट्रोकमध्ये एकच तेल नसतं. गिअरबॉक्स आणि क्लचचं तेल वेगळं. पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी वेगळं. साखळीला लावलेलं तिसरंच. खाली डाग दिसला की त्याला बोट लावा, चोळा, वास घ्या. घट्ट, मधासारखं किंवा वापरून तपकिरी झालेलं असेल तर गिअरबॉक्सचं. काळं, पातळ, जळका वास असलेलं असेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी जोड सैल आहे आणि न जळलेलं टू-टी तिथून ओघळतंय. तिथे नवीन रिंग घालायची, नट नीट कसायचा, टू-टीचं प्रमाण आणि प्लग बघायचा, झालं. इंजिन खोलायला लागत नाही. साखळीचं असेल तर त्याला गळती म्हणूच नये.

सगळ्यात जास्त फसवतो तो कार्बोरेटर. येझदी, राजदूत यांच्या बऱ्याच गाड्यांत टू-टी टाकीतच पेट्रोलमध्ये मिसळतात. एक लिटरला ४० मिलि घातलं तर ते पंचवीसास एक प्रमाण झालं. आता फ्लोटची निडल, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई, झिजली की कार्बोरेटर थेंब थेंब ओसंडतो. पेट्रोल उडून जातं, मागे राहतं ते टू-टी. क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या केसिंगवर, हिरवा किंवा निळा तेलकट थर बसतो, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "काका, केसिंगमधून तेल गळता, वायच पॅकिंग मार." केसिंग ठणठणीत असतं. पेट्रोलचा कॉक रात्री बंद करा आणि सकाळी बघा. डाग वाढला नसेल तर गुन्हेगार कार्बोरेटर. आरएक्स १०० मध्ये टू-टीची टाकी आणि पंप वेगळा, तिथे पेट्रोल सांडून तेल उरणार नाही. तिथे पंपाखालची ओ-रिंग, नळीची टोकं आणि त्यांचे वायसर बघायचे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्या बनल्या तेव्हा त्यांच्या नळ्या आणि ओ-रिंगांचं रबर त्याचा विचार करून निवडलेलं नव्हतं. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं, आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा! जुनी नळी हाताला चिकट किंवा कडक लागली तर विचार न करता बदला.

मग थेंब कुठून येतो ते कसं शोधायचं? आधी इंजिन पूर्ण धुवा. रॉकेल, ब्रश, मग साबणाचं पाणी, आणि कोरडं करा. हे काम कृपा करून व्हाळावर (ओढ्यावर) किंवा विहिरीच्या कडेला करू नका. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे, त्यावर ओतलेलं खाली झिरपतं आणि तिथलंच पाणी आपण पितो. पत्र्याचा ट्रे घ्या, त्यात धुवा, घाण डब्यात भरा. इंजिन कोरडं झालं की अंगाला लावायची साधी पावडर त्यावर हलकी मारा. रांगोळी मारू नका. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती सीलच्या (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठात गेली तर नवीन गळती तयार होते. मग गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा आणि जिथे पावडर भिजली असेल त्यातली सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची जागा शोधा. वारा तेलाला मागे ढकलतो आणि तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. जिथे थेंब लटकतो, तिथे गळती क्वचितच असते. ड्रेन नटाला (तेल काढायच्या खालच्या नटाला) लटकलेला थेंब किक शाफ्टच्या सीलमधून निघालेला असतो आणि लोक नट पिळत बसतात. पिळून पिळून ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग ती गळती खरोखर ड्रेन नटाचीच होते. नटाखाली तांब्याचा वायसर असेल तर तो काढून लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. तांबं पुन्हा मऊ होतं आणि बसतं.

आता हवेच्या वाटेबद्दल. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला एक बारीक भोक किंवा नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. कोकणात ठेवलेल्या गाडीचा ब्रीदर बंद होण्याचं एक कारण देशावरच्या मेकॅनिकला लवकर सुचत नाही : कुंभारीण. ही माशी जिथे बोटभर भोक दिसेल तिथे मातीचं घर बांधते. सायलेन्सरच्या तोंडात बांधते, ब्रीदरच्या नळीत बांधते. हवा कोंडली की तेल सीलमधून वाट काढतं, आणि आपण एकामागून एक चांगली सीलं बदलत जातो. म्हणून सील मागवण्याआधी ब्रीदरमधून तार फिरवा आणि तेल खुणेच्या वर तर भरलेलं नाही ना ते बघा. जास्त भरलेलं तेलही असंच बाहेर येतं.

इथपर्यंतच्या गळत्या डोळ्यांना दिसतात. मला खरी काळजी आहे ती न दिसणाऱ्या गळतीची, आणि आपल्या चौकटीत तिचं नावही नव्हतं.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हा श्वासाचा अर्धा भाग आहे. पिस्टन वर गेला की पेटीत ओढ तयार होते, हवा आणि पेट्रोल आत येतं. पिस्टन खाली आला की तेच दाबून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे ही पेटी हवाबंद असली पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक ऑईल सील असतं ते यासाठी. येझदी आणि जावामध्ये डाव्या, किकच्या बाजूला क्लच आणि तेल. उजव्या बाजूला डायनॅमो आणि प्लगची ठिणगी सोडणारे पॉइंट.

क्लचकडचं सील गेलं की पिस्टनच्या ओढीने गिअरबॉक्सचं तेल क्रँकमध्ये खेचलं जातं आणि जळतं. खाली एक थेंब पडत नाही. मालक खूश असतो की गाडी गळत नाही. पण प्लग काळा, ओला होतो, पांढरट दाट धूर थांबत नाही, आणि तेलाची पातळी कुठे जाते ते कळत नाही. उलटही होतं : क्रँकमधला दाब पेट्रोल ढकलून गिअरबॉक्सच्या तेलात पाठवतो. तेल पातळ होतं, त्याला पेट्रोलचा वास येतो, आणि अशा तेलावर बेरिंग फार दिवस जगत नाही. म्हणून ड्रेन नट काढलात की तेल ओतून टाकण्याआधी त्याचा वास घ्या.

याची परीक्षा आपल्याकडे घाटात होते. आंबोलीहून दाणोलीकडे थ्रॉटल बंद ठेवून, गिअरमध्ये उतरत या. थ्रॉटल बंद असला की क्रँकमध्ये ओढ जास्त होते, आणि सील फाटलं असेल तर ते उतारभर तेल पितं. खाली सपाटीला आलात आणि थ्रॉटल उघडला की मागे पांढरा ढग उठतो. असा ढग दिसला तर दुसरी तपासणी लागत नाही. (टू-टी पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्या गाडीने असा लांब उतार उतरताना मधेमधे क्लच दाबून थ्रॉटल द्यावा. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद म्हणजे पिस्टनचं तेलही बंद.)

डायनॅमोकडचं सील गेलं तर तेल नाही, हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच उतरत नाही, वरच्या वर भिरभिरत राहतं, थांबल्यावर आयडल पुन्हा चढतं. डायनॅमोचं झाकण काढलंत तर पॉइंटवर तेलाचा धुकट थर दिसतो. ही गाडी सपाटीला धावते, म्हणून मालक चालवत राहतो. मग तो ती घेऊन फोंडा घाट चढतो, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये पकडतो. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. पावसात, वळणावर, मागे बायको-मूल बसलेलं असताना. म्हणून सांगतो, ही माणसाच्या जिवाची गोष्ट आहे, फक्त इंजिनची नव्हे.

या दोन्ही सीलांना बाहेरून लावलेल्या सिलिकॉनचा काही उपयोग नाही, कारण ती आत आहेत. जाड तेलाचाही नाही. जाड तेलाने फाटलेला रबराचा ओठ जुळत नाही. थंड गाडीचा क्लच मात्र चिकटतो आणि गिअर टाकताना गाडी पुढे उडी मारते.

बरं, सिलिकॉन लावणारे ते किती लावतात? दोन केसिंगच्या मधून बाहेर जेवढं येतं, तेवढंच आतही जातं. आत सुटलेला तुकडा तेलाच्या बारीक भोकात जाऊन बसला की बेरिंग कोरडं पडतं. केसिंग उघडताना मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं, हा त्याहून मोठा गुन्हा. ॲल्युमिनियमच्या तोंडावर पडलेला एक चरा पुढची सगळी वर्षं गळत राहतो. केसिंगला लाकडी हातोडीने हलकं ठोकावं, ते सुटतं. तोंड खराब असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर तेल सोडून, आठ आकड्यात घासून सपाट करावं. मग कागदी पॅकिंग, योग्य जाडीचं, आणि अगदी पातळ हात शेलॅकचा. सिलिंडरखालच्या पॅकिंगची जाडी तर मनाने बदलूच नये. त्याने पोर्ट उघडण्याची वेळ बदलते आणि गाडीची ताकद जाते.

आता सांगतो ती तपासणी मी होडीकडून आणली. ओबीएमची खालची गिअरपेटी आम्ही पाण्यात सोडण्याआधी हवा भरून बघायचो. मोटारसायकलच्या क्रँकलाही तेच करता येतं, आणि इंजिन खोलण्याआधी करता येतं. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढा. दोन्ही तोंडं रबर आणि पत्र्याच्या पट्टीने घट्ट बंद करा, एका पट्टीतून नळी काढा. पिस्टन खाली घ्या. नळीला डॉक्टरांच्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा जोडा. तो काटा ३०० पर्यंत जातो, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय. टू-स्ट्रोकच्या या तपासणीला एवढाच दाब लागतो. टायरचा पंप लावू नका, जास्त दाबाने चांगलं सीलही जागेवरून सरकतं. हवा भरून पाच-सहा मिनिटं थांबा. काटा जवळपास जागेवर राहिला तर ठीक. डोळ्यांदेखत उतरला तर साबणाचं पाणी घ्या आणि बुडबुडे शोधा : सिलिंडरखाली, केसिंगच्या जोडावर, डायनॅमोकडच्या सीलवर. बाहेर कुठेच बुडबुडा नाही, तरी काटा उतरतोय, तर गिअरबॉक्सचं तेल घालायचं तोंड उघडून तिथे फेस लावा. तिथून हवा आली तर क्लचकडचं सील गेलं. काही सीलं दाब धरतात पण ओढ धरत नाहीत, म्हणून फुगा उलटा लावून ओढीवरही बघावं.

एवढं केल्यावर मालकाला नक्की सांगता येतं की हाफ इंजिनचं (वरच्या सिलिंडर-पिस्टनचं) काम आहे की फुल (केसिंग खोलून क्रँकपर्यंतचं). डायनॅमोकडचं सील बहुतेक गाड्यांत बाहेरूनच बदलता येतं. क्लचकडचं काही गाड्यांत क्लच उतरवून मिळतं, काहींत केसिंग वेगळं करावं लागतं. सील घेताना त्यावरची मापं बघा : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. क्रँकसाठी मिळालं तर व्हायटनचं घ्या, ते साध्या रबरापेक्षा जास्त उष्णता सोसतं. आणि सील बसवण्याआधी शाफ्टवर नख फिरवा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या शाफ्टला गंजाचे खड्डे पडलेले असतात, ते नवीन सीलचा ओठ थोड्याच दिवसांत कापतात. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून गोल फिरवत घासा. खड्डा खोल असेल तर सील हलकंसं मागेपुढे बसवा, म्हणजे ओठ ताज्या जागी टेकेल. क्रँक हाताने वरखाली हलत असेल तर बेरिंग आधी. हलणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही.

आपल्याकडे सील झिजण्यापेक्षा सुकून जास्त जातात. गाडी गणपतीत चालते आणि शिमग्यापर्यंत उभी. त्यामुळे परत मुंबईला निघताना कार्बोरेटर रिकामा करा, प्लग काढून चमचाभर टू-टी आत सोडा, चार किक मारून ते फिरवा, आणि पिस्टन वर ठेवून प्लग लावा. सायलेन्सरच्या तोंडात तेलाचं फडकं कोंबा, कुंभारणीसाठी. घरी कुणी म्हातारं माणूस, शेजारचा मुलगा असेल तर त्याला सांगा, महिन्यातून एकदा इग्निशन बंद ठेवून दहा-बारा किक मारत जा. सीलचा ओठ ओला राहतो.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. आयडियल जावाने म्हैसूरला जावा (आणि पुढे येझदी) १९६० च्या सुमारास बनवायला सुरुवात केली आणि १९९६ ला कारखाना बंद झाला. आरएक्स १०० पण १९९६ लाच थांबली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून केंद्राच्या नियमाने व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, म्हणजे सरकारनेही त्यांची किंमत मान्य केली आहे. अशा गाडीचं केसिंग एकदा सिलिकॉन आणि स्क्रू ड्रायव्हरने खराब झालं की दुसरं मिळत नाही. आणि ज्यांना हे काम हाताने येतं ते आमच्यासारखे आता म्हातारे होत चालले. आयटीआयमध्ये दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकचा ट्रेड आहे. तिथल्या मुलांना एक जुनं टू-स्ट्रोक इंजिन आणि एक बीपीचा काटा देऊन ही हवेची तपासणी शिकवली जावी, असं मला मनापासून वाटतं. कुठल्या आयटीआयला पाहिजे असेल तर मी स्वतःचं इंजिन घेऊन येईन आणि दाखवीन, पैसे नकोत.

आपल्याला विनंती एवढीच, की ती चौकट दुरुस्त करून गणपतीआधीच्या रविवारी पुन्हा छापावी. जागा कमी असेल तर माझं बाकीचं गाळा, पण दोन्ही सीलांचा आणि घाटाचा भाग राहू द्या.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग